मुख्य विद्युतदाबावर चालणारा थर्मोस्टॅट : कार्य, वापर आणि दोषशोधन
(ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील घरगुती उपकरणांच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

पाणी तापविणारा गिझर, फ्रिज आणि खिडकीत बसविलेला वातानुकूलक या उपकरणांतील तापमानाचे नियमन थर्मोस्टॅट करतो. भारतीय घरांतील यांत्रिक थर्मोस्टॅट हा बहुधा २३० व्होल्टच्या मुख्य प्रवाहाची थेट जोडणी व तोडणी करणारा स्विच असतो. तो तापमान केवळ दाखवत नाही किंवा सुचवत नाही, तर उपकरणाचा संपूर्ण प्रवाह स्वतःमधून वाहून नेतो. या एका वैशिष्ट्यामुळे त्याचा वापर, त्यातील बिघाड आणि त्याची दुरुस्ती हे प्रश्न सोयीइतकेच सुरक्षिततेचेही ठरतात. प्रस्तुत लेखात अशा थर्मोस्टॅटची रचना, त्याचा योग्य वापर व दोषशोधनाचा क्रम यांचे विवेचन केले असून, बिघडलेला थर्मोस्टॅट वगळून उपकरण ‘डायरेक्ट’ करण्याच्या प्रथेतील धोका सकारण स्पष्ट केला आहे.

बीजशब्द : थर्मोस्टॅट, मुख्य विद्युतदाब, गिझर, औष्णिक कटआउट, अर्थिंग, दोषशोधन.

१. प्रस्तावना

ठाणे पश्चिमेतील टेंभी नाका हा १९७८ पासूनच्या सार्वजनिक नवरात्रोत्सवामुळे सर्वपरिचित असलेला, रेल्वे स्थानक व जांभळी नाक्याच्या बाजारपेठेलगतचा जुन्या वस्तीचा भाग आहे. जुन्या दोन-तीन मजली इमारती आणि पुनर्विकासातून उभे राहिलेले मनोरे येथे शेजारी-शेजारी आढळतात. कल्याण व डोंबिवलीच्या जुन्या भागांचे चित्रही याहून फारसे निराळे नाही. या परिसराच्या हवामानात खोली उबदार ठेवण्याची गरज जवळजवळ नसते. गरज असते ती आंघोळीचे पाणी तापविण्याची आणि उन्हाळ्यात अन्न व खोली थंड ठेवण्याची. त्यामुळे थंड प्रदेशांत भिंतीवरील एकच थर्मोस्टॅट तापविणे व थंड करणे ही जी दोन कामे करतो, ती येथे स्नानगृहातील गिझर आणि स्वयंपाकघरातील फ्रिज किंवा खोलीतील वातानुकूलक यांच्यात विभागली गेली आहेत.

गिझर घरोघरी येण्यापूर्वी पाणी तांब्याच्या बंबात तापत असे. बंबात किती लाकूड वा कोळसा घालावा, आच केव्हा कमी करावी आणि कढत पाण्यात किती विसण घालावे, याचा निर्णय घरातील माणूस हाताने पाणी पाहून करीत असे. म्हणजेच बंबाचा थर्मोस्टॅट माणूसच होता. गिझरने हा निर्णय धातूच्या एका लहानशा यंत्रणेकडे सोपविला. तथापि, ती यंत्रणा नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, याची माहिती वापरणाऱ्यापर्यंत फारशी पोहोचली नाही. कळ शेवटपर्यंत फिरविली म्हणजे पाणी लवकर तापते, कळ शून्यावर आणली म्हणजे उपकरण विद्युतमुक्त होते, वारंवार बंद पडणारा कटआउट काढून टाकला म्हणजे बिघाड दूर होतो, हे समज त्यातूनच रूढ झाले. या समजांचे निराकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. संकल्पना व पूर्वपीठिका

ठरविलेल्या तापमानाच्या आसपास पदार्थ राखण्यासाठी उष्णतेचा किंवा शीतनाचा पुरवठा आपोआप चालू-बंद करणारी योजना म्हणजे थर्मोस्टॅट होय. तिच्या मुळाशी धातूंच्या असमान प्रसरणाचे तत्त्व आहे. पितळ व पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडल्या असता तापल्यावर पितळ अधिक प्रसरण पावते आणि जोडपट्टी वाकते. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन यांनी घड्याळांतील तापमानदोष दूर करण्यासाठी अशा द्विधातू पट्टीचा उपयोग केला. अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८३० मध्ये याच तत्त्वावरील तापनियंत्रकाचे पेटंट घेतले. पुढे १८८३ मध्ये अमेरिकेतील वॉरन जॉन्सन या अध्यापकांनी वर्गखोल्यांसाठी विद्युत थर्मोस्टॅटचे पेटंट मिळविले. त्यांच्या योजनेत खोलीचे तापमान बदलले की तळघरात घंटा वाजे आणि सेवक भट्टीची झडप हलवीत असे.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. जॉन्सन यांचा थर्मोस्टॅट निरोप्या होता. तो खबर देई, प्रत्यक्ष कृती दुसरा कोणी करी. भारतीय घरातील गिझरचा थर्मोस्टॅट निरोप्या नसून द्वारपाल आहे. उपकरणाकडे जाणारा सर्व प्रवाह त्याच्या दारातूनच जातो.

३. मुख्य दाब व अल्प दाब

अमेरिकेत मध्यवर्ती तापन-शीतन व्यवस्थेसाठी भिंतीवर जो थर्मोस्टॅट असतो, तो सामान्यतः २४ व्होल्टवर चालतो. रोहित्राने कमी केलेल्या या दाबावरील अत्यल्प प्रवाह दूरच्या रिलेला इशारा देतो आणि रिले मोठा भार चालू-बंद करतो. त्याच देशात विजेवर चालणाऱ्या भिंतीलगतच्या तापकांसाठी मात्र १२० किंवा २४० व्होल्टचा प्रवाह थेट तोडणारे थर्मोस्टॅट वापरले जातात. हे दोन प्रकार दिसायला सारखे असले तरी ते परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत. परदेशातून आणलेला २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट येथील २३० व्होल्टच्या तारांना जोडल्यास तो जळतो व हाताळणाऱ्याला इजाही होऊ शकते.

ठाणे शहराचा बहुतांश भाग व कल्याण-डोंबिवली येथे महावितरणकडून, तर कळवा, मुंब्रा व दिवा भागांत मार्च २०२० पासून टोरंट पॉवर या वितरण फ्रँचायझीमार्फत एकफेजी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पुरवठा होतो. २००० वॅटचा गिझर या दाबावर सुमारे ८.७ अँपिअर व ३००० वॅटचा सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. हा सर्व प्रवाह थर्मोस्टॅटच्या दोन छोट्या संपर्कबिंदूंमधून वाहतो. म्हणून थर्मोस्टॅटवर छापलेली दाब व प्रवाह यांची क्षमता उपकरणाच्या गरजेपेक्षा अधिक असणे अनिवार्य आहे. फ्रिज व वातानुकूलकातील मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते. त्यामुळे अशा भारासाठी संपर्कबिंदूंची मोटर-क्षमता स्वतंत्रपणे पाहावी लागते.

४. रचना व कार्य

४.१ तापविणाऱ्या उपकरणातील थर्मोस्टॅट

गिझरमध्ये प्रामुख्याने दोन रचना आढळतात. पहिलीत पाण्यात बुडालेल्या पितळी नळीत अत्यल्प प्रसरण पावणाऱ्या इन्व्हार या मिश्रधातूचा दांडा असतो. शार्ल गियोम यांनी १८९६ मध्ये शोधलेल्या या मिश्रधातूसंबंधीच्या कार्यासाठी त्यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाणी तापले की नळी लांबते, दांडा मात्र जवळजवळ तसाच राहतो आणि लांबीतील या सूक्ष्म फरकाने संपर्क उघडतो. दुसऱ्या रचनेत द्रवाने भरलेला फुगा, केसासारखी बारीक नळी आणि फुगणारी चकती असते. द्रवाचे प्रसरण चकतीमार्फत संपर्क उघडते.

संपर्क हळूहळू विलग झाल्यास त्यांच्यात ठिणगी टिकून राहते व बिंदू जळतात. यासाठी चकती किंवा स्प्रिंग एका क्षणात उलटेल अशी योजना केलेली असते. कळ फिरविताना ऐकू येणारा ‘टक’ हा आवाज याच क्रियेचा असतो. शिवाय संपर्क ज्या तापमानाला उघडतो त्याच तापमानाला तो पुन्हा जुळत नाही. पाणी काही अंशांनी निवल्यावरच तो जुळतो. ही तफावत हेतुपूर्वक ठेवलेली असते. ती नसती, तर संपर्क सतत उघड-मीट करून अल्पावधीत निकामी झाला असता.

४.२ थंड करणाऱ्या उपकरणातील थर्मोस्टॅट

फ्रिजच्या थर्मोस्टॅटमध्ये केशनलिकेचे टोक बाष्पित्राला टेकलेले असते. आतील वायूचा दाब तापमानाबरोबर कमी-जास्त होतो. येथे क्रिया उलट आहे. तापमान वाढले की संपर्क जुळतो व कॉम्प्रेसर सुरू होतो, आणि तापमान उतरले की संपर्क उघडतो. म्हणजे गिझरचा संपर्क तापमान वाढल्यावर उघडतो, तर फ्रिजचा तापमान घटल्यावर उघडतो. सुटा भाग बदलताना हा भेद दुर्लक्षित झाल्यास उपकरण नेमके नको तेव्हा चालू राहील.

या भेदाचा आणखी एक महत्त्वाचा परिणाम आहे. केशनलिका तडकून आतील द्रव वा वायू निघून गेला, तर दाब नाहीसा होतो आणि थर्मोस्टॅटला ‘सर्व थंड आहे’ असाच भास होतो. फ्रिजमध्ये यामुळे कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. दूध नासते, पण जीवितास धोका नसतो. द्रवभरित थर्मोस्टॅटच्या गिझरमध्ये मात्र त्याच बिघाडाने संपर्क जुळलेलाच राहतो आणि पाणी तापतच जाते. एकाच दोषाचे दोन उपकरणांत असे विरुद्ध परिणाम होतात. म्हणूनच गिझरमध्ये थर्मोस्टॅटखेरीज औष्णिक कटआउट व सुरक्षा झडप या आणखी दोन संरक्षक योजना असतात.

४.३ दोन्ही कामे करणारा थर्मोस्टॅट

हॉटेले, कार्यालये व मोठी रुग्णालये यांत थंड पाणी नळांतून फिरवून खोल्या गार करण्याची मध्यवर्ती व्यवस्था असते. अशा खोल्यांच्या भिंतीवरील यांत्रिक थर्मोस्टॅटमध्ये एक सामाईक व दोन पर्यायी अशी तीन टोके असतात. तापमान वाढले की सामाईक टोक शीतनाच्या टोकाला जुळते व उतरले की तापनाच्या. कोकण किनारपट्टीच्या हवामानात तापनाचे टोक बहुधा मोकळेच ठेवले जाते. ते चुकून शीतनाच्या जागी जोडले गेल्यास खोली गार झाल्यावर झडप उघडते आणि गरम झाल्यावर बंद होते. ‘थर्मोस्टॅट उलटा चालतो’ अशा तक्रारीचे कारण अनेकदा एवढेच असते. भिंतीत बसविलेल्या या लहान पेटीतही पूर्ण २३० व्होल्ट खेळत असतात, हे रंगकाम किंवा साफसफाई करताना विसरता कामा नये.

५. योग्य वापर

थर्मोस्टॅटची कळ तापमानाची मर्यादा ठरविते, तापण्याचा वेग ठरवीत नाही. संपर्क जुळलेला असेपर्यंत घटक (एलिमेंट) आपल्या पूर्ण शक्तीनेच तापतो. २५ लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे १.०२ युनिट वीज लागते आणि २००० वॅटच्या घटकाला त्यासाठी साधारण साडेतीस मिनिटे लागतात. कळ ६० वर असो वा ७५ वर, या अर्ध्या तासात फरक पडत नाही. फरक पडतो तो त्यानंतर. ७५ वर ठेवलेला गिझर पुढेही तापत राहतो, अधिक उष्णता बाहेर टाकतो आणि टाकीत क्षार अधिक वेगाने जमवितो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी घरातील सर्वांना एकापाठोपाठ पाणी हवे असते. अशा दिवशी कळ वर नेण्यास आधार आहे, कारण अधिक तापलेल्या पाण्यात अधिक विसण घालता येते आणि तेवढीच टाकी अधिक जणांना पुरते. एरवी ५० ते ६० अंशांची मर्यादा पुरेशी ठरते. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांतच त्वचा भाजू शकते, त्यामुळे घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील तर बादलीत आधी गार व नंतर गरम पाणी घेण्याची सवय हितावह होय. दुसऱ्या बाजूस, टाकीतील पाणी दीर्घकाळ कोमट ठेवणेही योग्य नाही, कारण लिजिओनेलासारखे जीवाणू कोमट पाण्यात वाढतात.

वातानुकूलकाबाबतही हेच तत्त्व लागू पडते. कळ १८ वर नेल्याने साध्या वातानुकूलकाची खोली लवकर गार होत नाही, केवळ कॉम्प्रेसर अधिक काळ चालतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजानुसार तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के विजेची बचत होते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलकांत २४ अंश हे पूर्वनिश्चित तापमान ठेवणे केंद्र शासनाने बंधनकारक केले आहे. नव्या इन्व्हर्टर वातानुकूलकांत यांत्रिक थर्मोस्टॅटऐवजी थर्मिस्टर व इलेक्ट्रॉनिक मंडल असते. तेथे कॉम्प्रेसरचा वेगच कमी-जास्त होतो, म्हणून पुढील विवेचन मुख्यत्वे यांत्रिक प्रकारास लागू आहे.

६. दोषशोधन

६.१ पूर्वदक्षता

कळ शून्यावर आणणे म्हणजे उपकरण विद्युतमुक्त करणे नव्हे. गिझरचा थर्मोस्टॅट बहुधा एकच तार तोडतो. भिंतीवरील जोडणीत फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली असल्यास थर्मोस्टॅट न्यूट्रल तोडतो आणि घटक मात्र फेजला जोडलेलाच राहतो. अशा वेळी घटकाचे आवरण फुटलेले असेल, तर ‘बंद’ गिझरच्या पाण्यातही विद्युतदाब येऊ शकतो. जुन्या इमारतींतील दोन तारांच्या, अर्थिंग नसलेल्या जोडणीत हा धोका सर्वाधिक संभवतो. तीन छिद्रांच्या सॉकेटकडे समोरून पाहिले असता वर अर्थ, उजवीकडे फेज व डावीकडे न्यूट्रल असणे हा भारतीय संकेत आहे. त्याची खातरजमा ही दोषशोधनाची पहिली पायरी होय. ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी गिझरच्या मंडलात असणे हे सर्वांत स्वस्त जीवरक्षण आहे. तथापि, तो अर्थिंगला पूरक आहे, पर्याय नव्हे.

उपकरणाचे झाकण उघडण्यापूर्वी मुख्य एमसीबी बंद करावा, प्लग काढावा आणि मापकाने दाब नसल्याची खात्री करावी. केवळ निऑन टेस्टरवर विसंबू नये. न्यूट्रल तार तुटलेली असेल तर घटकातून मागे आलेल्या दाबामुळे टेस्टर दोन्ही टोकांवर उजळतो आणि ‘करंट तर येतो आहे, म्हणजे थर्मोस्टॅट गेला’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. निरीक्षण घरातील व्यक्तीने करावे. झाकणाआतील मोजमाप व बदल परवानाधारक वायरमन किंवा वीजतंत्र्याकडेच सोपवावेत.

६.२ पाणी मुळीच तापत नाही

ज्या गिझरमध्ये पुरवठ्याचा आणि तापण्याचा असे दोन दिवे असतात व दुसरा दिवा थर्मोस्टॅटनंतर घटकाला समांतर जोडलेला असतो, तेथे झाकण न उघडताही बरेच समजते. दोन्ही दिवे बंद असल्यास दोष पुरवठ्यात, प्लगमध्ये किंवा एमसीबीमध्ये शोधावा. पहिला दिवा लागला आणि पाणी गार असूनही दुसरा लागला नाही, तर थर्मोस्टॅट किंवा कटआउट उघडा आहे. दोन्ही लागले आणि तरीही पाणी गार राहिले, तर थर्मोस्टॅट निर्दोष असून घटक तुटलेला असण्याची शक्यता अधिक आहे.

पुरवठा तोडून व तारा सोडवून केलेले रोधाचे मापन याची पुष्टी करते. २००० वॅटच्या घटकाचा रोध सुमारे २६ ओहम व ३००० वॅटच्या घटकाचा सुमारे १८ ओहम येतो. मापक अनंत रोध दाखवीत असल्यास घटक तुटला आहे असे समजावे. गार स्थितीत थर्मोस्टॅटच्या दोन टोकांमधील रोध जवळजवळ शून्य असावा. घटकाचे टोक व धातूचे अंग यांच्यातील निरोधन मेगरने तपासावे. ते मेगाओहमच्या पातळीवर नसेल, तर थर्मोस्टॅट कसाही असला तरी तो घटक वापरण्यायोग्य नाही.

६.३ पाणी उशिरा तापते

या तक्रारीत थर्मोस्टॅट क्वचितच दोषी असतो. घटकाची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब २३० वरून २०० व्होल्टवर आला, तर २००० वॅटचा घटक सुमारे १५१० वॅट एवढेच देतो आणि साडेतीस मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटे लागतात. ऋतुमानाचाही परिणाम होतो. नळाचे पाणी मे महिन्यात ३० अंश व जानेवारीत २० अंश असे धरल्यास, तेच २५ लिटर पाणी ६० अंशांवर नेण्यास अनुक्रमे सुमारे २६ व ३५ मिनिटे लागतात.

तिसरे कारण क्षारांचा थर हे होय. ठाणे व कल्याण-डोंबिवलीला मुख्यतः नदीचे पाणी मिळते. मात्र जेथे विंधनविहिरीचे किंवा टँकरचे जड पाणी वापरले जाते, तेथे घटकावर चुन्यासारखा थर चढतो. घटक आत तापतो, उष्णता मात्र पाण्यापर्यंत सावकाश पोहोचते. हाच थर थर्मोस्टॅटच्या नळीवर चढल्यास त्याला पाण्याचे तापमान उशिरा कळते आणि संपर्क उशिरा उघडतो. अशा वेळी थर्मोस्टॅट बदलण्यापूर्वी टाकीची सफाई व मॅग्नेशियमच्या ऱ्हासदांड्याची (अ‍ॅनोड) तपासणी करणे उचित ठरते.

६.४ पाणी अति तापते, कटआउट वारंवार तुटतो किंवा जळका वास येतो

हा गट सर्वांत गंभीर होय. संपर्कबिंदू वितळून एकमेकांना चिकटणे, केशनलिका फुटणे किंवा संवेदक नळी जागेवरून सरकणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. कटआउट एकदा तुटला तर तो पूर्ववत करून निरीक्षण करता येते. पुन्हा तुटल्यास उपकरण बंद ठेवावे, कारण कटआउट स्वतः बिघडलेला असण्यापेक्षा त्याने खरा बिघाड ओळखलेला असण्याचा संभव अधिक असतो.

जळका वास बहुधा सैल स्क्रूचा असतो. जोडणीत अवघा अर्धा ओहम अधिक रोध निर्माण झाला, तरी ८.५ अँपिअरच्या प्रवाहाने तेथे सुमारे ३६ वॅट उष्णता निर्माण होते. ही उष्णता डाग देण्याच्या लहान सोल्डरिंग आयर्नएवढी असून ती एका स्क्रूवर एकवटते. पावसाळ्यातील दमट हवा व स्नानगृहातील वाफ यांमुळे टोके गंजून असा रोध वाढतो. काळवंडलेली तार नुसती कसून भागत नाही. जळका भाग कापून नवे टोक बसवावे व थर्मोस्टॅटचे टोक काळे पडले असल्यास तोही बदलावा.

६.५ फ्रिज व वातानुकूलक

फ्रिज अखंड चालत असल्यास प्रथम दाराची रबरी पट्टी, मागील जाळीवरील धूळ आणि भिंतीपासूनचे अंतर पाहावे. केशनलिकेचे टोक बाष्पित्रापासून सुटले असल्यास थर्मोस्टॅटला आतील थंडावा कळत नाही व कॉम्प्रेसर थांबत नाही. दर काही मिनिटांनी ‘टक’ असा आवाज येऊन कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करून थांबत असेल, तर ते बहुधा ओव्हरलोड संरक्षकाचे काम असते. तेथे कमी दाब, रिले किंवा कॉम्प्रेसर तपासावा. कळ शून्यावरून पुढे नेताना ‘टक’ ऐकू येऊनही फ्रिज सुरू होत नसेल, तर थर्मोस्टॅटखेरीज पुढील भागही तपासावेत.

खिडकीतील वातानुकूलकात संवेदक फुगा परत येणाऱ्या हवेच्या मार्गात, जाळीपासून थोडा दूर धरलेला असतो. सफाईनंतर तो थंड जाळीला टेकून राहिला, तर खोली गार होण्यापूर्वीच कॉम्प्रेसर बंद पडतो. पुरवठा खंडित होऊन परत आल्यावर कॉम्प्रेसर सुरू करण्यापूर्वी किमान तीन मिनिटे थांबावे. त्या अवधीत यंत्रणेतील दाब समतोल होतो आणि संपर्कबिंदूंवर अवाजवी भार पडत नाही.

७. ‘डायरेक्ट’ करण्याची प्रथा

वारंवार बंद पडणाऱ्या गिझरमध्ये सुटा भाग लगेच न मिळाल्यास थर्मोस्टॅटच्या दोन तारा एकत्र जोडून उपकरण ‘डायरेक्ट’ करण्याची पद्धत प्रचलित आहे. ‘तेवढे वेळेवर बंद करत जा’ ही सूचना तिच्यासोबत दिली जाते. म्हणजे बंबाच्या काळाप्रमाणे माणूस पुन्हा थर्मोस्टॅट होतो. फरक एवढाच की बंबाला आच कमी झाल्यावर विझण्याची सोय होती, वीज मात्र आपणहून विझत नाही.

यातील वेळेचे गणित पाहणे उद्बोधक ठरेल. २००० वॅटचा घटक २५ लिटर पाणी ६० अंशांवरून १०० अंशांवर सुमारे ३५ मिनिटांत नेतो. बंद करायला झालेला तेवढाच विसर पुरेसा असतो. त्यापुढे, बंदिस्त टाकीत दाबाखाली पाणी १०० अंशांवरही द्रवरूपच राहते. टाकी फुटली की त्यातील काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि द्रवाच्या तुलनेत सुमारे सोळाशे पट जागा व्यापू पाहते. स्फोटाची तीव्रता या प्रसरणात असते.

सुरक्षा झडपेकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांवर नेले असता ते अर्ध्या लिटरहून अधिक प्रसरण पावते. पुरवठा नळीवर एकदिशा झडप असल्यास हे जादा पाणी सुरक्षा झडपेतून थेंबथेंब बाहेर पडते. ही गळती बिघाड नसून झडपेचे नियत कार्य आहे. ती थांबविण्यासाठी झडपेला बूच मारणे आणि थर्मोस्टॅट ‘डायरेक्ट’ करणे या दोन गोष्टी एकाच गिझरमध्ये एकत्र आल्या, तर टाकीला कोणतेही संरक्षण उरत नाही. दोष शोधण्यासाठी वीजतंत्र्याने काही क्षण, स्वतः समोर उभे राहून थर्मोस्टॅट वगळणे ही चाचणी आहे. तसे जोडून निघून जाणे ही दुरुस्ती नव्हे. सुटा भाग मिळेपर्यंत गिझर बंद ठेवून चुलीवर वा गॅसवर पाणी तापविणे हाच रास्त पर्याय होय.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) घरगुती यांत्रिक थर्मोस्टॅट हा मुख्य दाबावरील पूर्ण प्रवाह वाहणारा स्विच आहे. तो बदलताना तापमानाची मर्यादा, प्रवाहक्षमता आणि संपर्क उघडण्याची दिशा या तिन्ही बाबी जुळल्या पाहिजेत.

२) कळ तापमानाची मर्यादा ठरविते, वेग नव्हे. तसेच कळ शून्यावर असणे म्हणजे उपकरण विद्युतमुक्त असणे नव्हे.

३) ‘थर्मोस्टॅट गेला’ असा निर्णय देण्यापूर्वी पुरवठ्याचा दाब, फेज-न्यूट्रलची जागा, अर्थिंग, सैल टोके, क्षारांचा थर आणि घटकाचा रोध या क्रमाने तपासणी करावी. यांपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ थर्मोस्टॅटबाहेर असते.

४) गिझरच्या थर्मोस्टॅटमधील काही बिघाड उपकरण बंद न पाडता ते अखंड चालू ठेवतात. म्हणून औष्णिक कटआउट व सुरक्षा झडप कोणत्याही कारणाने निष्प्रभ करू नयेत.

५) जुन्या इमारतींत गिझर बसविण्यापूर्वी स्वतंत्र तीन-तारी मंडल, चाचणी केलेले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांची पूर्तता करावी. गृहनिर्माण संस्थांनी पावसाळ्यानंतर व दिवाळीपूर्वी अशी सामूहिक तपासणी हाती घेतल्यास, ज्या पहाटे सर्वाधिक गिझर एकाच वेळी चालू असतात त्या पहाटेपूर्वी दोष उघड होतील.